घरातील परके माप

धान्य मोजून घेताना पायली आपल्या डोळ्यांदेखत भरली जाते. कापडाला गज असतो, दुधाला माप असते, आणि मापात खोट असल्याची शंका आलीच तर शेजारच्या दुकानातील दुसरे माप मागवून ताळा पाहता येतो. विजेची गोष्ट निराळी आहे. ती दिसत नाही, ओंजळीत धरून दाखवता येत नाही आणि वापरून झाली की मागे काही उरत नाही. भिंतीवरचा मीटर सांगेल तेवढी ती आपण वापरली, असे धरून चालावे लागते. मापाडी, साक्षीदार आणि हिशेबनीस ही तिन्ही कामे एकाच पेटीकडे सोपवलेली आहेत. आणि ती पेटी आपल्या भिंतीवर असली तरी तिच्यावरचे सील विकणाऱ्याचे असते.

मे २०२४ मध्ये आमच्या बडोद्यात या पेटीवरून जो गदारोळ उडाला तो येथील वाचकांच्या स्मरणात असेल. अकोटा, गोरवा, सुभानपुरा अशा भागांत स्मार्ट प्रीपेड मीटर बसले, आणि थोड्याच दिवसांत लोक वीजकचेऱ्यांवर मोर्चे घेऊन जाऊ लागले. भरलेले पैसे चार-आठ दिवसांत संपतात, जुन्या मीटरपेक्षा हा मीटर जोरात पळतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या दिवसांत आम्हांला अनेकांनी विचारले की, तुम्ही सरकारी नोकरीत आयुष्य घालवले, तुमचे मत काय? मीटर पळतो की नाही हे मत देण्याचे काम नव्हे, तपासण्याचे आहे. परंतु ही तक्रार किती जुनी आहे, आणि तिच्या पोटात खरी गोष्ट कोणती दडली आहे, याचा शोध घेण्यासारखा आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आरंभ एडिसनपासून करावा लागतो. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून त्याने वीज विकण्यास प्रारंभ केला. दिवे लागले, पण पैसे कशाचे मागायचे? सुरुवातीचे काही महिने ग्राहकांना बिलेच गेली नाहीत. त्याने जो मीटर योजला होता तो आज कोणाला खरा वाटणार नाही. काचेच्या भांड्यात जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात शिरणाऱ्या प्रवाहाचा एक ठराविक लहान अंश या भांड्यातून वळवलेला असे. प्रवाह वाहिला की एका पट्टीवरचे जस्त झिजून दुसरीवर चढे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या काढून नेई, कचेरीत तराजूवर त्यांचे वजन होई आणि वजनातील फरकावरून बिल निघे. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून पेटीत एक छोटा दिवाही ठेवलेला असे.

शास्त्रदृष्ट्या ही युक्ती निर्दोष होती. फॅरेडेने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केलेल्या नियमावरच ती उभी होती. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने तिच्यात एक मोठे व्यंग होते. वजन होई ते कंपनीच्या कचेरीत, कंपनीच्या तराजूवर, कंपनीच्या माणसाच्या हातून. घरधन्याला आपल्या भिंतीवरच्या भांड्यात पाहून काहीएक कळत नसे. त्या काळच्या गॅसच्या मीटरवर निदान काटे तरी असत. हे व्यंग आम्ही मुद्दाम ठळक करून सांगत आहोत, कारण पुढील सर्व इतिहासात तेच पुनःपुन्हा डोके वर काढते.

बर्लिनच्या हेर्मान आरोनने १८८० च्या दशकात लंबकाच्या घड्याळांचा मीटर केला; त्याला तबकडी होती आणि ती ग्राहकाला वाचता येत असे. अमेरिकेत एलिहू टॉमसनचा मीटर १८८९ मध्ये आला. परंतु आपल्या घरांत जो मीटर पोहोचला त्याचे कुळ वेगळे. ट्युरिनच्या गॅलिलेओ फेरारिसने १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे प्रयोग केले. वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यातील ऑलिव्हर शॅलेनबर्गर १८८८ मध्ये एका दिव्याची जुळणी पाहात असता त्यातील एक स्प्रिंग सुटून पडली आणि चुंबकीय क्षेत्रात आपोआप वळू लागली. त्या फिरण्यात त्याला मीटर दिसला. आणि १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओटो ब्लाथी या हंगेरियन अभियंत्याने प्रत्यावर्ती विजेचा, म्हणजे आपल्या घरात येते त्या विजेचा, युनिट मोजणारा चकतीचा मीटर सिद्ध केला. त्या पहिल्या मीटरांचे वजन २३ किलोच्या घरात होते असे सांगतात. ते पुढे उतरत गेले, पण त्यामागील तत्त्व शंभर वर्षे बदलले नाही.

हे तत्त्व इतके सुबक आहे की त्यावर थोडे रेंगाळण्याचा मोह आवरत नाही. ॲल्युमिनियमची एक पातळ चकती. तिच्या वरखाली दोन वेटोळी. एका वेटोळ्यात विजेचा दाब, दुसऱ्यात घरात वाहणारा प्रवाह. या दोहोंच्या चुंबकत्वाने चकतीत भोवरे उठतात आणि ती फिरू लागते. घरात जितकी वीज खर्च होईल तितका तिला रेटा अधिक. पण नुसता रेटा असता तर ती वाटेल तशी भरधाव सुटली असती. म्हणून तिच्या काठाशी एक कायमचा लोहचुंबक ठेवलेला असतो. चकती जितकी जोरात फिरेल तितका तो तिला मागे ओढतो. रेटा आणि लगाम यांचा तोल जेथे साधतो ती चकतीची गती. आणि म्हणूनच ती गती खर्चाच्या बरोबर प्रमाणात राहते. चकतीच्या आसाला दातेरी चाके, चाकांना आकडे. न बॅटरी, न घड्याळ.

आणि पुढे काचेची खिडकी. आमच्या मते या मीटरचे सारे महत्त्व त्या खिडकीत होते. चकतीच्या काठावर एक काळी खूण असे. ती किती वेळाने समोर येते हे कोणालाही मोजता येई. मीटरवर लिहिलेले असे की ६०० फेरे म्हणजे एक युनिट. घरातील सर्व बटणे बंद करून साठ वॅटचा एकच दिवा लावावा, तर तासाला ३६ फेरे झाले पाहिजेत, म्हणजे १०० सेकंदांत एक. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले त्यांना घरातील कर्ते पुरुष कमरेवर हात ठेवून मीटरपुढे उभे आहेत, हे दृश्य नवे नाही. आमचे आजोबा दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आकडा आपल्या रोजमेळात मोडीत टिपून ठेवीत, आणि लाइटबिल आले की आधी तो आकडा काढून पाहात. त्यांना विद्युत्शास्त्राचा गंध नव्हता. पण माप वाचता येत होते, आणि तेवढे त्यांना पुरत असे.

वाड्यांचा विषय निघालाच आहे तर सबमीटरांचाही उल्लेख करावा. गायकवाडांबरोबर येऊन येथे स्थिरावलेल्या घराण्यांचे वाडे पुढे भावाभावांत आणि भाडेकरूंत विभागले गेले. वीजजोडणी मात्र पुष्कळदा एकच राहिली. मग प्रत्येक बिऱ्हाडापुढे बाजारातून आणलेला सबमीटर. सर्व सबमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी कधीच जुळत नसे, आणि जिन्यातील सामाईक दिवा कोणाच्या खात्यावर, या प्रश्नावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली कुटुंबे आम्हांला ठाऊक आहेत. असो.

मापाबद्दल तंटा होणारच, हे सरकारने आरंभीच ओळखले होते. १९१० च्या भारतीय वीज कायद्याचे २६ वे कलम पाहावे. मीटर बरोबर आहे की नाही याविषयी वाद उपजल्यास दोहोंपैकी कोणत्याही पक्षाने अर्ज करावा, आणि निर्णय वीज निरीक्षकाने द्यावा. त्याने मीटर चुकीचा ठरवला तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या विजेचा अंदाज त्यानेच ठरवावा. अर्जापूर्वी दुसऱ्या पक्षास सात दिवसांची सूचना देण्याची तरतूदही त्यात होती. आम्ही वीज खात्यात नव्हतो, महसुलात होतो. परंतु कायद्याची भाषा वाचण्यात हयात गेली, तेव्हा एवढे सांगू शकतो की या कलमात विकणारा आणि घेणारा यांना समान पायरीवर उभे केलेले आहे आणि निवाडा तिसऱ्याच्या हाती आहे. परक्यांच्या राजवटीतील कायदा असूनही ही दृष्टी त्यात होती. स्वातंत्र्यानंतर वीज मंडळे आली. आमचे गुजरात वीज मंडळ १ मे १९६० रोजी, राज्याबरोबरच जन्मास आले आणि त्याचे मुख्यालय बडोद्यासच राहिले. बिलात मीटरभाड्याची ओळ असे. म्हणजे आपल्याच विरुद्ध साक्ष देणाऱ्या साक्षीदाराचा भत्ताही आपणच देत होतो, असे आमचे एक सहकारी गमतीने म्हणत. पुढे २००३ चा वीज कायदा आला. त्याच्या ५५ व्या कलमाने अचूक मीटरशिवाय वीज देऊ नये असे ठरवले, आणि ग्राहकाने इच्छा केल्यास मीटर स्वतः विकत घेण्याची मुभाही ठेवली. २००५ मध्ये गुजरातच्या मंडळाचे विभाजन होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या. बडोद्याचे वितरण मध्य गुजरात कंपनीकडे आले.

त्याच सुमारास चकती गेली. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनी मीटर इलेक्ट्रॉनिकच असावेत असे ठरवले. ज्यांच्या घरी तो बदल झाला त्यांना ‘मीटर पळतो’ ही ओरड पहिल्यांदा तेव्हाच ऐकल्याचे स्मरत असेल. तिच्यात तथ्य होते, पण लोक समजत होते तसे नव्हे. वीस-पंचवीस वर्षे धूळ खाल्लेल्या चकतीचे आस घासतात, ती मंदावते, आणि रात्रीचा लहानसा दिवा किंवा बंद ठेवलेल्या दूरदर्शन संचाची किरकोळ ओढ तिला जागची हलवतही नाही. नव्या मीटरला असे वार्धक्य नसते. तेव्हा पुष्कळ घरांत नवा मीटर जलद नव्हता, जुना मंद होता. आपल्या बाजूची चूक आपल्याला चूक वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

तरीही सगळी ओरड मनुष्यस्वभावावर ढकलणे बरोबर नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर प्रयोगशाळेत तपासले. दिव्यांचा प्रकाश कमी-अधिक करणारी बटणे आणि आधुनिक बचतीचे दिवे यांमुळे प्रवाहाची लहर वेडीवाकडी होते. अशा लहरीवर नऊपैकी पाच मीटरांनी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवला, आणि एका प्रसंगी ही वाढ ५८२ टक्क्यांपर्यंत गेली. दोन मीटरांनी उलट कमी दाखवले. प्रयोगशाळेतील ही मुद्दाम घडवून आणलेली परिस्थिती होती, घरोघरी असेच होते असा तिचा अर्थ नव्हे. परंतु ‘मीटर चुकूच शकत नाही’ असे जे अधिकारी छातीठोकपणे सांगतात त्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

इलेक्ट्रॉनिक मीटरातही एक खिडकी शिल्लक राहिली, तिकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. त्यावर एक तांबडा दिवा लुकलुकतो, आणि बाजूला ३२०० असा किंवा तत्सम आकडा छापलेला असतो. तितके लुकलुके म्हणजे एक युनिट. साठ वॅटचा दिवा लावला तर सुमारे एकोणीस सेकंदांत एकदा लुकलुकले पाहिजे. स्मार्ट मीटरवरही असा दिवा असतोच. ताळा पाहण्याची रीत आजोबांचीच आहे; फक्त ती शिकवणारे कोणी उरले नाही.

आता स्मार्ट मीटरकडे येऊ. पहिली गोष्ट अशी की त्यात दोन वेगळ्या कल्पनांची गाठ मारलेली आहे, आणि लोकांच्या रागाचे बरेचसे मूळ या गाठीत आहे. एक कल्पना आगाऊ पैसे घेण्याची, दुसरी दुरून वाचण्याची.

आगाऊ पैशांची कल्पना मुळीच आधुनिक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मजूरवस्त्यांत गॅसचे असे मीटर सर्रास बसू लागले होते. फटीत पेनी टाकावी, तेवढा गॅस मिळावा. हप्ता थकण्याची भीती नाही म्हणून कंपनी खूश, आणि ज्यांना तीन महिन्यांचे बिल एकदम देणे जमत नसे त्यांच्या घरी गॅस पोहोचला म्हणून मजूरही खूश. पण या मीटरांतील दर पुष्कळदा जास्तीचा लावलेला असे; पेटी उघडायला येणारा माणूस नाणी मोजून काही पेन्स गृहिणीला परत देई, आणि ती त्यालाच बचत समजे. गरिबाला तीच वस्तू महाग पडते, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव. त्याच ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा काय घडले ते पाहण्यासारखे आहे. बिले थकलेल्या घरांत, त्यांत आजारी आणि अपंग माणसांची घरेही होती, कोर्टाचा हुकूम घेऊन, प्रसंगी कुलूप उघडून, प्रीपेड मीटर बसवले जात असल्याचे उघडकीस आले. आणि ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर होते त्यांच्याकडे तर जाण्याचीही गरज नव्हती, दुरूनच आज्ञा देऊन मीटर प्रीपेड करता येत होता. तेथील नियामकाने सक्तीने मीटर बसवणे थांबवण्यास सांगितले.

आपल्याकडील कायद्याची भाषा या बाबतीत मोठी बोलकी आहे. २००३ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमात म्हटले आहे की, जो प्रीपेड मीटरमार्फत वीज घेण्यास तयार असेल त्याच्याकडून अनामत रक्कम मागता येणार नाही. ‘तयार असेल’ हे शब्द महत्त्वाचे. कायद्याने तो एक पर्याय मानला आणि पर्याय स्वीकारणाऱ्यास एक सवलत दिली. पुढे ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्कांच्या नियमांत मात्र जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरनेच द्यावी, अपवाद करायचा तर आयोगाची मान्यता घ्यावी, असे आले. नियमांचे नाव ग्राहकांच्या हक्कांचे आणि त्यातच ग्राहकाची निवड आक्रसलेली, ही विसंगती आम्हांस खटकते. कायदा संसद करते, नियम सचिवालय करते. नियमाने कायद्याची छाया ओलांडू नये हे आम्हांला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले गेले होते.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे. वितरण कंपन्यांचा तोटा ही खोटी गोष्ट नाही. चोरी, गळती आणि थकबाकी यांनी त्या पोखरल्या आहेत, आणि त्याचा भार शेवटी वेळेवर बिल भरणाऱ्यांवरच पडतो. म्हणून २०२१ मध्ये केंद्राने ३,०३,७५८ कोटी रुपयांची सुधारणा योजना मंजूर केली आणि मार्च २०२५ पर्यंत २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. ती मुदत उलटली तेव्हा फार मोठा भाग शिल्लकच होता. मीटरच्या किमतीचा भार कंपन्यांवर एकदम पडू नये म्हणून अशी रचना केली की, मीटर एका खासगी ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने बसवावेत, काही वर्षे चालवावेत, आणि दरमहा दर मीटरमागे पैसे घ्यावेत. म्हणजे ज्या पेटीत विकणारा आणि घेणारा हे दोनच पक्ष होते तेथे तिसरा येऊन बसला; आणि हा तिसरा १९१० च्या कायद्यातील निरीक्षकासारखा तटस्थ नाही.

दुसरी कल्पना दुरून वाचण्याची. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने किती वीज गेली ते नोंदवून ठेवतो आणि पाठवतो. त्यात सोय आहे. रीडिंग घेणारा आला तेव्हा दाराला कुलूप होते म्हणून सरासरीचे बिल लावण्याचा जुना उपद्रव संपतो. पण या नोंदीत विजेखेरीज आणखीही काही असते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, मुख्य तारेवरील प्रवाहाचे चढउतार बारकाईने पाहिले तर घरात कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखता येते. आणि याचा उपयोग पाळत ठेवण्यासाठी होऊ शकेल असा इशारा त्यांनीच १९८९ मध्ये दिला. शोध लावणाऱ्यानेच धोक्याची घंटा वाजवावी असे क्वचित घडते. अर्ध्या तासाच्या नोंदीत इतका बारकावा नसतो हे खरे. पण घर कधी जागे होते, दुपारी कोणी असते की नाही, दिवाळीत चार दिवस कुलूप होते का, एवढे त्यातही वाचता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच कारणास्तव सक्तीचे विधेयक अडवले आणि पुढे तेथे ग्राहकाला नाकारण्याची मोकळीक मिळाली. अमेरिकेतील नेपरव्हिल गावच्या दाव्यात तेथील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की, पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद घेणे ही घराची झडतीच होय. मात्र वीजपुरवठ्याच्या कामापुरती ती वाजवी आहे, आणि हेतू वेगळा असता तर निकाल वेगळा लागू शकला असता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु मीटरवरून आमच्यापर्यंत आलेल्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. सर्वांचे बोलणे रिचार्जवर.

तेही समजण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड या शहरात २००९ च्या उन्हाळ्यात हुबेहूब बडोद्याचाच प्रसंग घडला होता. नवे मीटर, भरमसाट बिले, संतप्त सभा. तेथील आयोगाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करवली. सप्टेंबर २०१० मध्ये अहवाल आला की मीटर बरोबर होते. उन्हाळा कडक होता, दर वाढले होते, आणि दोन्ही गोष्टी मीटर बदलण्याच्या वेळीच आल्या. पण त्याच अहवालात असेही म्हटले होते की, तक्रारी घेऊन येणाऱ्यांना कंपनीने नीट उत्तर दिले नाही, आणि लोकांचा संशय वाढला तो त्यामुळे.

बडोद्यात उन्हाळा होताच. शिवाय येथे घरगुती बिल दोन महिन्यांनी येण्याची रीत; साठ दिवसांचा आकडा एकदम पाहण्याची सवय असलेल्या माणसाला रोजची कपात मोबाइलवर दिसू लागली, आणि तीही वातानुकूलन यंत्र अहोरात्र चालण्याच्या महिन्यात. जुन्या मीटरवरील बिल न झालेल्या युनिटांची बाकीही हप्त्याहप्त्याने त्याच कपातीत मिसळली जात होती, असा खुलासा नंतर झाला. आधी झाला असता तर? गल्लीत एक माणूस उभा राहून कागदावर बेरीज-वजाबाकी करून दाखवता तर निम्मा क्षोभ शमला असता, असे आमचे प्रशासकीय अनुभवाअंती मत आहे. शेवटी सरकारने काम थांबवले, नवे मीटर आधी सरकारी कचेऱ्यांत बसतील असे सांगितले, आणि शंका असेल तेथे ताळ्यासाठी जोडीला दुसरा मीटर लावण्याचे जाहीर केले. थकबाकीत सरकारी खाती आणि नगरपालिका मागे नसतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या क्रमात एक उशिरा आलेला न्याय दिसेल. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातही सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही असे ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. नंतर २०२५ मध्ये तेथे स्मार्ट मीटर आले, पण महिन्याअखेरच्या बिलाची पद्धत कायम ठेवून. म्हणजे वर सांगितलेली गाठ लोकांनी आपल्या परीने सोडवून घेतली.

आमच्या ओळखीत अशी बरीच घरे आहेत जेथे वाड्याच्या एका खणात ऐंशीच्या घरातील जोडपे राहते आणि मुले पुण्याला किंवा अमेरिकेत आहेत. जुन्या काळी बिल थकले तर नोटीस येई, मुदत मिळे, मग फ्यूज काढायला वायरमन येई. तो जिना चढून येई, म्हातारीला खाटेवर पाही, आणि ‘काकी, परवापर्यंत भरून टाका’ असे म्हणून पुष्कळदा तसाच परत जाई. यात नियमाचा भंग होता, हे आम्ही निवृत्त अधिकारी म्हणून जाणतो. २००३ च्या कायद्याचे ५६ वे कलम वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना मागते. प्रीपेड मीटरात पैसे संपणे हीच सूचना आणि तोडणे हीच अंमलबजावणी. रात्री किंवा सुटीच्या दिवशी वीज तोडू नये अशा सोयी ठिकठिकाणी ठेवल्या आहेत हे खरे; पण मुलाने सिएटलहून रिचार्ज करायचे विसरले तर त्या सोयीचा संदेश ज्या मोबाइलवर येणार तो मुलाचाच असतो.

ज्यांच्या घरी मीटर बदलला आहे वा बदलणार आहे त्यांच्यासाठी दोन तरतुदी येथे नोंदवून ठेवतो, कारण कचेरीत त्या आपण होऊन कोणी सांगत नाही. जून २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे, स्मार्ट मीटरने मंजूर भारापेक्षा जास्त भार दाखवला तरी मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. आणि भार वाढवायचा तर वर्षात किमान तीनदा मर्यादा ओलांडलेली असली पाहिजे. फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती याहून उपयोगाची. मीटरचा आकडा प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत ताळ्याचा दुसरा मीटर लावला पाहिजे आणि तो किमान तीन महिने ठेवला पाहिजे. तक्रार तोंडी करू नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्यावी, कारण पाच दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. आणि तीन महिने दोन्ही मीटरांचे आकडे दर आठवड्यास एकाच वेळी एका वहीत टिपून ठेवावेत.